एका नडगीत तीन रॉड

मी हाडांचा सर्जन, आणि ही केस माझ्या ओपीडीतली. पहिला रॉड मी घातला, दुसरा मी हाताने बनवला आणि तिसराही मीच घातला, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे एकदोन घरगुती तपशील बदललेत. हाडाचे आणि धातूचे जसे होते तसेच ठेवलेत.

रुग्ण चाळिशीतला, चादरीच्या कारखान्यात जॉबर. जॉबर म्हणजे मागांचा मेकॅनिक. धोटा अडकला, जॅकार्डची (नक्षी विणणाऱ्या यंत्राची) दोरी तुटली, माग उगाच खडखडायला लागला की हाक यालाच. घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. बायको बिड्या वळते. नोव्हेंबरात एका रात्री दुसरी पाळी संपवून अक्कलकोट रोडने घरी निघाला आणि उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. गाळप सुरू झालं की आमच्या वॉर्डात अशा ट्रॉल्यांचे पेशंट येतातच. आता त्याचं कुणाला नवल वाटत नाही, हे जास्त वाईट.

उजव्या नडगीचं हाड मधोमध मोडून कातडी फाडून बाहेर आलं होतं. जखमेत माती, खडी आणि उसाच्या पाचटाचे तुकडे. आमच्या प्रतवारीत ‘थ्री-ए’. म्हणजे जखम मोठी, पण हाड झाकता येईल इतकं मांस आणि कातडी शिल्लक. उघड्या फ्रॅक्चरला प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन तासाभरात मिळायला हवं. हा पोचला तोवर चार तास झाले होते.

त्याच रात्री ९ लिटर सलाईनने जखम धुतली, मेलेलं मांस कापलं, बाहेरून फिक्सेटर लावला, म्हणजे हाडात पिना आणि त्यांना धरणारी चौकट कातडीबाहेर. नवव्या दिवशी जखम स्वच्छ दिसत होती. फिक्सेटर काढला आणि हाडाच्या पोकळीत रॉड घातला.

पहिला रॉड

रॉड स्टीलचा होता, ३१६-एल जातीचा. हाडाच्या पोकळीत लांब रॉड ठोकायची ही पद्धत जर्मनीत गेरहार्ड क्युन्शरने १९३९-४० मध्ये रुजवली. तेव्हापासून स्टीलच्या रॉडवर किती लोक चालले असतील याची गणती नाही. टायटॅनियमचा महाग पडत होता. स्टीलने भागतंय तर भागवावं, असा विचार मी केला. आजही शंभरातल्या बहुतेक पायांना मी तेच करीन.

सातव्या आठवड्यात तो लंगडत आला. खालच्या स्क्रूपाशी कातडीला तांदळाच्या दाण्याएवढं भोक, त्यातून थेंब थेंब पाझर.

“पाणीच आहे ओ सायेब. पू नाही.”

“किती दिवस झाले?”

“पंधरा दिवस. मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्लो की. बंद झालतं, परत चालू झालं.”

गोळी खाल्ली की थांबतं, सोडली की परत सुरू. पाझराचं हे वागणं बघितलं की निदान निम्मं तिथेच होतं. एक्स-रेत खालच्या दोन स्क्रूंभोवती हाड विरघळल्याची काळी कडा दिसत होती. सीआरपी, म्हणजे संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन, वाढलेला. मोडलेल्या जागी नवं हाड जवळजवळ नाहीच. मी त्याला सांगितलं, गोळ्या पूर्ण बंद करा, दोन आठवड्यांनी रॉड काढायचा आहे. गोळ्या चालू ठेवून नमुने घेतले तर प्रयोगशाळेत जंतू उगवत नाहीत आणि आपण अंधारात औषध देत बसतो. त्याला काळजी वेगळीच होती, संक्रांतीच्या सिद्धेश्वराच्या जत्रेची. “गड्डा यात्रा बुडली म्हणजे.” बुडली.

आतला जंतू कुठून आला याचा पुरावा माझ्याकडे नाही. पाचटातून, मातीतून, फिक्सेटरच्या पिनेवाटे किंवा ऑपरेशन थिएटरमधूनही. कुठून आला यापेक्षा तो टिकला कसा हा प्रश्न मोठा, कारण आपल्या शरीरात जंतू रोजच शिरतात आणि रोजच मरतात.

याचं जुनं आणि फार सुंदर उत्तर इंग्लंडमधल्या एलेक आणि कोनेन यांच्या १९५७ च्या प्रयोगात आहे. त्यांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचले. गळू व्हायला दहा लाखांहून जास्त जंतू लागले. मग त्याच कातडीत रेशमी टाक्याचा दोरा ठेवून टोचले. आता शंभर पुरले. एक दोरा, आणि जंतूंचं काम दहा हजार पटींनी सोपं. दोऱ्यावर जगणाऱ्या शहरात हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

दोऱ्याला रक्तवाहिन्या नसतात, रॉडलाही नसतात. पांढऱ्या पेशी तिथवर पोचतात, पण त्या निर्जीव पृष्ठभागाशी झटून थकतात. रॉड शरीरात गेल्यावर काही क्षणांत त्यावर रक्तातल्या प्रथिनांचा पापुद्रा चढतो आणि त्या पापुद्र्यावर कोण आधी बसतं यावर पुढचं सगळं ठरतं. हाडाच्या पेशी आधी पोचल्या तर रॉड शरीराचा होतो. जंतू आधी पोचले तर ते चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण विणतात. अमेरिकेतल्या अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं. ते आवरण म्हणजे बायोफिल्म. त्याच्या आत बसलेला जंतू मारायला मोकळ्या जंतूपेक्षा कधी कधी हजारपट औषध लागतं, आणि तेवढं औषध शिरेतून दिलं तर जंतूआधी मूत्रपिंडं जातील.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. सोलापूरचा हा मुलगा चीनमध्ये ज्या रुग्णालयाचा प्रमुख झाला, ते कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाचं. बेथ्यून १९३९ मध्ये ऑपरेशन करताना बोट कापलं आणि त्या जखमेतून रक्तात विष पसरून गेले. तेव्हा पेनिसिलिन हाताशी नव्हतं. आज कपाट भरून प्रतिजैविकं आहेत, पण बायोफिल्मसमोर आमची अवस्था फार काही पुढची नसते. रॉड बाहेर काढावाच लागतो.

पांढरा रॉड

रॉड निघाला तो चकचकीत. विद्यार्थ्यांची इथेच फसगत होते. बायोफिल्म डोळ्यांना दिसेलच असं नाही. खालच्या स्क्रूच्या आट्यांत मात्र पिवळट चिकट थर होता, नखाने खरवडावा असा. पोकळीतून आणि मोडलेल्या जागेतून पाच नमुने घेतले, प्रत्येकाला वेगळा चिमटा. एकाच नमुन्यात जंतू निघाला तर तो कातडीवरचा पाहुणा असू शकतो; दोघांत तोच निघाला तर घरमालक.

पोकळी रीमरने, म्हणजे हाड आतून कोरणाऱ्या हत्याराने, खरवडून धुतली. आता त्या रिकाम्या पोकळीत काय ठेवायचं? नुसती रिकामी ठेवली तर हाड हलतं, रक्त साचतं, जंतूंची सोय होते. परत धातू ठेवला तर उरल्यासुरल्या जंतूंना नवीन घर. म्हणून औषध पाझरणारा तात्पुरता रॉड. तो तयार मिळत नाही, निदान माझ्या थिएटरपर्यंत येत नाही. तो बनवावा लागतो.

सिमेंट म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, दाताची कवळी ज्या प्लास्टिकची असते त्याच घराण्यातलं. पाकिटात ४० ग्रॅम भुकटी, सोबत काचेच्या कुपीत २० मिलिलिटर द्रव. एकत्र केलं की आधी पातळ लापशी, मग मळलेली कणीक, आणि थोड्याच मिनिटांत दगड. मी जेंटामायसिन हे प्रतिजैविक आधीच घातलेलं सिमेंट घेतलं आणि वर व्हँकोमायसिनच्या १ ग्रॅमच्या ४ बाटल्यांची भुकटी मिसळली. गुठळ्या राहू नयेत म्हणून सिस्टर ती भुकटी स्टीलच्या वाटीत चमच्याच्या पाठीने रगडत होत्या. इंजेक्शनचं पातळ औषध ओतून चालत नाही, पाण्याने सिमेंट पोकळ होतं. औषधही कुठलंही चालत नाही. घट्ट होताना सिमेंट तापतं; ती उष्णता सोसणारं आणि पाण्यात विरघळणारंच लागतं. हॅम्बुर्गच्या बुखहोल्ट्स आणि एंगेलब्रेख्त यांनी १९७० मध्ये जेंटामायसिन निवडलं ते याच गुणांमुळे, आणि आज पन्नासहून जास्त वर्षांनी आम्ही त्याच वाटेवर आहोत.

साचा म्हणून छातीतलं पाणी काढायची जाड प्लास्टिकची नळी. आतून निर्जंतुक पॅराफिनचा हात फिरवलेला. मध्ये ३ मिलिमीटरची तार, तिच्या वरच्या टोकाला आकडा वळवून ठेवलेला, कारण हा रॉड पुढे ओढून काढायचा आहे. लापशी पातळ असतानाच गनने नळीत भरायची. चार ग्रॅम जादा भुकटीने ती दाट होते, म्हणून घाई. (मे महिन्यात हेच काम असेल तर द्रवाची कुपी आधी फ्रीजमध्ये. सोलापूरच्या उन्हाळ्यात एसी दमला की सिमेंट माझ्यासाठी थांबत नाही.) त्या द्रवाचा, मोनोमरचा, वास सगळ्या थिएटरभर. “सर, नेलपॉलिशच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटतंय,” सिस्टर म्हणाल्या. नळी हातात तापत गेली, मग निवली. ब्लेडने नळी उभी चिरली, केळाची साल काढावी तशी सोलली. आत पांढराशुभ्र, खडूसारखा रॉड. एके ठिकाणी हवेचा फुगा राहिला होता. तो बोटाने चाचपून बघितला. फार खोल असता तर दुसरा बनवला असता, कारण काढताना असा रॉड पोकळीत तुटला तर सर्जनचे दोन तास जातात आणि तोंडातून नको ते शब्द निघतात.

रॉड घातला, बाहेरून प्लास्टर. पाचपैकी चार नमुन्यांत एकच जंतू आला: मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. व्हँकोमायसिन चालणारं होतं. जेंटामायसिनसमोर मात्र ‘रेझिस्टंट’. सहा आठवडे औषधं, आधी शिरेतून, मग पोटातून. भोक दुसऱ्या आठवड्यात बुजलं आणि बुजलेलं राहिलं.

मग हा पांढरा रॉड आतच का ठेवायचा नाही? रुग्णाच्या बायकोने हे विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. बरं चाललंय, परत कापाकापी कशाला? उत्तर असं की सिमेंटमधून औषध पहिल्या तासांत आणि दिवसांत भरभरून बाहेर पडतं, मग धार आटते. बहुतेक औषध आतच अडकून राहतं, कधी बाहेर येतच नाही. पृष्ठभागावरून किंचित झिरपत राहतं ते जंतू मारायला अपुरं, पण त्यांना औषधाची सवय लावायला पुरेसं. वर हाड या सिमेंटला धरत नाही, आणि शरीराचा भार झेलायची ताकद त्याच्यात नाही. आठ आठवड्यांपूर्वी ज्याने पाय वाचवला तोच आता जंतूंच्या नव्या वस्तीसाठी मोकळा प्लॉट होतो.

भाचीची थाळी

याच दिवसांत माझी भाची घरी आली होती. मटेरियल सायन्समध्ये एमएस्सी करते. तिच्या प्रोजेक्टचा विषय ऐकून मी जेवता जेवता थांबलो: टायटॅनियमच्या चकत्यांवर चांदी मिसळलेल्या हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा लेप. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट म्हणजे आपल्या हाडातलंच खनिज, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. हाड त्याला ओळखतं, बिलगतं. चांदीचे आयन जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला पकडतात आणि त्यांचा कारभार बंद पाडतात. कल्पना उत्तम. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. काचेच्या थाळीत जंतूंचा धुरकट थर, मध्ये चकती, चकतीभोवती स्वच्छ पारदर्शक वर्तुळ.

“मामा, बघ ना केवढी रिंग आलीये!”

रिंग खरंच मोठी होती. मी विचारलं, “एवढी मोठी रिंग म्हणजे चांदी चकतीवरून किती लांब पळालीये?”

ती गप्प झाली, मग म्हणाली, “म्हणजे सगळी पहिल्याच दिवशी संपली?”

“तो एक प्रश्न. दुसरा असा, की त्या रिंगच्या आत हाडाची पेशी ठेवली तर ती जगेल का?”

या दोन प्रश्नांवर आमचं पिठलं गार झालं. प्रयोगशाळेतली रिंग दाखवते ती बाहेर किती पसरलं ते. पृष्ठभागावर कोण बसलं हे ती सांगत नाही, आणि मला रॉडच्या बाबतीत हवं असतं ते नेमकं तेवढंच. चिकटलेला जंतू जागीच मारणाऱ्या पृष्ठभागांना रिंग येतच नाही. २०१२ मध्ये सिकाडा किड्याच्या पंखांवरचे सूक्ष्म खांब जंतूंना टोचून फाडतात असं दिसलं. तसे खांब टायटॅनियमवर कोरायचे प्रयत्न चालू आहेत. त्या चकतीला रिंग शून्य, आणि तरी ती काम करत असू शकते. अडचण अशी की जाड भिंतीचा स्टॅफिलोकॉकस अशा खांबांना सहज दाद देत नाही, आणि आमचा नेहमीचा शत्रू तोच.

“आणि चाचणी पाण्यात केलीस की सीरममध्ये?” मी विचारलं. पाण्यात, ती म्हणाली. सीरम म्हणजे रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रव. रक्तात मीठ असतं. क्लोराइड चांदीला पकडून न विरघळणारं सिल्व्हर क्लोराइड करतं. प्रथिनंही तिला गुंडाळून टाकतात. पाण्यात वाघ असलेली चांदी सीरममध्ये मांजर होऊ शकते. मग विद्यार्थी चांदी वाढवतात, रिंग परत येते, आणि तोवर पेशी मरायला लागलेल्या असतात. चांदीला जंतू आणि हाडाची पेशी यांत फारसा भेद कळत नाही. भेद फक्त मात्रेचा, आणि ती पट्टी अरुंद. शरीराशी संबंध येणाऱ्या उपकरणांसाठीच्या आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पाचव्या भागात पेशींची चाचणी दिलेली आहे. त्यात जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली गेल्या की पदार्थ विषारी धरतात. तिच्या गटाने ही चाचणी ‘नंतर करू’ म्हणून ठेवली होती. माझ्या मते ती पहिल्या दिवशी, जंतूंच्या चाचणीच्या शेजारी, त्याच चकतीच्या जुळ्या भावावर व्हायला हवी. दोन वेगवेगळ्या बॅचमधल्या चकत्यांवर दोन्ही चाचण्या पास होणं म्हणजे दोन वेगळे पदार्थ पास होणं.

तिला मी सिल्झोनची गोष्ट सांगितली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हृदयाची एक कृत्रिम झडप आली, तिच्या शिवायच्या कापडी कडेवर चांदीचा लेप. हेतू निर्मळ: झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये. पण त्या कडेच्या बाजूने रक्त गळायचं प्रमाण जास्त दिसलं, आणि जानेवारी २००० मध्ये ती जगभरातून परत घेतली गेली. संशय हा की चांदीने शरीराच्या पेशींनाही त्या कापडात रुजू दिलं नाही. जंतू दूर ठेवता ठेवता घरच्यांनाही दाराबाहेर ठेवलं. याच्या उलट, जर्मनीत हाडाच्या कर्करोगानंतर बसवायच्या मोठ्या कृत्रिम सांगाड्यांना चांदी चढवतात ती वर्षानुवर्षं वापरात आहे. तिथे मधल्या भागावर चांदी असते. जो दांडा हाडात रुतायचा आहे त्यावर नसते. कुठे लावायची नाही हे ज्यांनी ठरवलं त्यांना मी जास्त मानतो.

आमच्या गावात ‘अँटिबॅक्टेरियल’ टॉवेलही निघतात. टॉवेलमधून निघालेली चांदी धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जाते. हाडात गटार नाही.

खळ

मार्चमध्ये पांढरा रॉड काढला. अख्खा निघाला, आकड्याला धरून तीन हिसक्यांत. त्याआधी दोन आठवडे औषधं बंद होती, सीआरपी सामान्य, नवे पाच नमुने घेतले. तिसरा रॉड टायटॅनियमचा, आणि मोडलेल्या जागी कमरेच्या हाडातून काढलेला गर भरला. टायटॅनियम का, तर ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला हा मिश्रधातू स्टीलच्या मानाने निम्माच ताठर. हाडाला थोडं काम करू देतो. त्याच्यावर आपोआप बसणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थराला पेशी बिलगतात. १९५२ मध्ये संशोधक ब्रोनेमार्क स्वीडनमध्ये सशाच्या हाडात टायटॅनियमचे कक्ष बसवून रक्तप्रवाह बघत होते, आणि कक्ष काढायला गेले तर ते हाडाने धरून ठेवलेले. स्टीलभोवती बऱ्याचदा पातळ पाणथळ पिशवी तयार होते, जंतूंना हिंडायला मोकळी जागा. टायटॅनियमवर ती कमी. पण नुसतं टायटॅनियम जंतू मारत नाही. तो फक्त शर्यतीत आपल्या बाजूच्या खेळाडूला बरे बूट देतो.

टाके काढायला रुग्ण आला तेव्हा भाची माझ्याबरोबर ओपीडीत बसली होती. त्याने जुना पांढरा रॉड बघायला मागितला. मी बरणी पुढे केली. त्याने तो टेबलावर ठेवून बघितला, कडेवर अंगठा फिरवला, आणि विचारलं की औषध यात होतं तर परत का काढलं. मी सांगितलं ते सगळं. तो म्हणाला,

“म्हणजे खळीसारखं की ओ. ताण्याला खळ लावतो आम्ही, मागावर दोरा तुटू नये म्हणून. जास्त लावली तर दोरा कडक होऊन तुटतो, कमी लावली तर घासून तुटतो. कापड निघालं की खळ धुवून काढायची. राहिली तर रंग धरत नाही कापड.”

भाचीने वही काढली. मी गेली वीस वर्षं व्याख्यानांत जे सांगायला चार स्लाइड घेतो ते या माणसाने चार वाक्यांत सांगितलं. मागावर असेपर्यंत टिकायचं, मग निघून जायचं, आणि गेल्यावर मागे असं काही ठेवायचं नाही की पुढचा रंग बसणार नाही. या पायाला तीन रॉड लागले, कारण तिघांकडे एकेकच गुण होता. पहिल्याकडे ताकद, दुसऱ्याकडे औषध, तिसऱ्याकडे हाडाशी मैत्री. रॉडची तीन ऑपरेशनं, पाच महिने, आणि एका जॉबरच्या घरात त्या पाच महिन्यांत फक्त बिड्यांचे पैसे.

खळीच्या जवळ जाणारा रॉड युरोपात २००५ च्या सुमारास आलाही. टायटॅनियमवर पॉलिलॅक्टाइड या शरीरात विरघळणाऱ्या प्लास्टिकचा पातळ लेप, त्यात जेंटामायसिन. औषध सुरुवातीच्या दिवसांत सुटतं, लेप हळूहळू विरघळून लॅक्टिक आम्ल होऊन जातो, उरतो तो साधा टायटॅनियम. विचार अगदी खळीचा. पण आमच्या रुग्णाचा रिपोर्ट आठवा: जेंटामायसिन, रेझिस्टंट. जागेवर औषधाची मात्रा खूप असल्याने थोडा उपयोग झालाही असता, पण त्या भरवशावर मी पैज लावणार नाही. म्हणून इथे वापरायचा लेप इथल्या जंतूंवर तपासायला हवा. कुठल्यातरी संग्रहातून मागवलेल्या गरीब स्वभावाच्या प्रमाणित जंतूवर सगळेच लेप जिंकतात.

भाचीने प्रोजेक्टचा आराखडा बदलला. चांदी कमी केली. चकत्या आधी सीरममध्ये बुडवून ठेवायच्या आणि मग जंतू सोडायचे. एकाच थाळीत जंतू आणि हाडाच्या पेशी एकत्र सोडून कोण जिंकतं ते बघायचं. हे सगळ्यात अवघड, कारण जंतू जिंकले की पेशींची अख्खी बॅच सडते आणि इन्क्युबेटर धुवावा लागतो. माझी एक मागणी मी तिच्या गळ्यात मारली. लेप लावलेली तार मेलेल्या बकऱ्याच्या हाडाच्या पोकळीतून हातोडीने ठोकून काढायची आणि मग लेप किती उरला ते मोजायचं. प्रयोगशाळेत चकती मखमलीवर ठेवल्यासारखी हाताळतात. मी रॉड घालताना तो हाडाच्या आतल्या भिंतीला घासत, हातोडीचे घाव खात जातो. पहिल्या पाच सेंटिमीटरमध्येच लेप खरवडला गेला तर पुढची सगळी रसायनं व्यर्थ. टायटॅनियमवर विजेने कोरलेल्या सूक्ष्म नळ्यांत औषध भरायची पद्धतही तिच्या विभागात कुणी करतंय. तिथेही माझे प्रश्न हेच, ठोकल्यावर नळ्या उरतात का आणि औषध काही तासांतच रिकामं होतं का. तिने विचारलं निर्जंतुक कसं करायचं, ऑटोक्लेव्हमध्ये? पॉलिलॅक्टाइड तिथल्या दाबाच्या गरम वाफेत पाघळेल. हे प्रश्न पेपरात क्वचित येतात, कारण त्यांची उत्तरं बहुतेकदा निराश करणारी असतात.

आणि समजा सगळं जमलं, तरी औषध धरून ठेवणारा रॉड आपल्याकडे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत चार वर्गांपैकी सगळ्यात कडक वर्गात बसतो. बकऱ्याच्या हाडापासून माणसाच्या हाडापर्यंतचा रस्ता एमएस्सीच्या दोन वर्षांत संपत नाही. हे मी तिला सांगितलं नाही. तिला माहीत असणार.

आजची स्थिती

तिसऱ्या रॉडच्या वेळच्या पाचही नमुन्यांत काही उगवलं नाही. भोकाच्या जागी आता काळसर खळी आहे, कोरडी. डिसेंबरच्या एक्स-रेत हाडाच्या चारपैकी तीन बाजू जुळलेल्या दिसतात. पुढची बाजू, जिथे कातडी सगळ्यात पातळ आणि जखम सगळ्यात मोठी होती, तिथे अजून केसाएवढी फट आहे. तो काठी घेऊन कारखान्यात जातो. मालकाने त्याला स्टुलावर बसून जॅकार्डची कार्डं तपासायचं काम दिलंय, ज्याचा त्याला मनापासून कंटाळा आहे. बिडी सोडायला मी चार वेळा सांगितलं. घरातच वळल्या जात असताना सोडणं किती अवघड हे त्याने मला एकदा सांगितलं. दोन्ही खरं आहे, आणि ती फट न भरण्यात बिडीचा हात असावा असा माझा संशय.

पांढरा रॉड भाची घेऊन गेली. करवतीने त्याच्या चकत्या पाडल्या तेव्हा आत, मधल्या तारेजवळ, व्हँकोमायसिनच्या न विरघळलेल्या पांढऱ्या कण्या तशाच होत्या. तिने फोटो पाठवला. आठ आठवडे त्या नडगीत राहूनही तिथपर्यंत पाणी पोचलंच नव्हतं.

परवा त्याचा फोन आला. यंदा गड्ड्याला गेलं तर चालेल का? जा म्हणालो, पण गर्दीत काठी सोडू नका. पुढचा एक्स-रे यात्रा झाल्यावर.